चित्रात दिसतं तेवढंच लिही

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सीरियातल्या प्राचीन स्थळांवर उपग्रहचित्रांतून लक्ष ठेवण्याचं काम तुला मिळालं, हे कळून फार आनंद झाला. अपामिया या तिथल्या प्राचीन शहरापासून सुरुवात करते आहेस ते उत्तमच. जुलै २०११ आणि एप्रिल २०१२ ची चित्रं शेजारी-शेजारी लाव. पहिल्यात मोकळी दिसणारी जमीन दुसऱ्यात चोरट्या खोदाईने चाळण झालेली दिसेल.

लगेच खड्डे मोजायला बसू नकोस. आधी सावली बघ. हे उपग्रह बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास वरून जातात, तेव्हा तिथे ऊन आग्नेयेकडून येतं. त्यामुळे खड्ड्याचा आग्नेयेकडचा आतला काठ काळा दिसतो. मातीचा ढीग असेल तर सावली वायव्येला, बाहेर पडते. डोळा इथे हमखास फसतो आणि खड्डा उंचवटा वाटू लागतो.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाचेक दिवसांनी नवी येतात. पण त्यातला एक ठिपका जमिनीवर १० मीटरचा. दोन-तीन मीटरचा खड्डा त्यात सुटा दिसणार नाही. काहीतरी बदललंय एवढा सुगावा लागला, की महागडं, तीस-पन्नास सेंटिमीटरचं चित्र मागव. शिवाय अमेरिकेच्या कोरोना हेरउपग्रहांची १९६० च्या दशकातली चित्रं १९९५ पासून खुली आहेत, तीही चाळ. जुनी पडझड सीरियातल्या यादवी युद्धाच्या नावावर जाता कामा नये. नांगर आणि नवी घरंही स्थळं गिळतात, हेही ध्यानात ठेव.

सीरियातल्याच पालमिरा या प्राचीन शहरातलं बेल देवाचं मंदिर ३० ऑगस्ट २०१५ रोजी सुरुंगांनी उडवल्याची बातमी आली, तेव्हा मुख्य वास्तू शाबूत असल्याचंही सांगितलं जात होतं. दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या युनोसॅट या उपग्रहचित्रं तपासणाऱ्या विभागाने २७ आणि ३१ तारखेची चित्रं ताडून पाहिली आणि मुख्य इमारत गेल्याचं स्पष्ट केलं. त्या चित्राने ‘काय’ आणि ‘कधी’ सांगितलं. ‘कोणी’ हे सांगायला माणसं लागतात, तिथली. म्हणून अहवालात ‘अमुक गटाने पाडलं’ असं लिहू नकोस. ‘या दोन तारखांच्या दरम्यान मुख्य इमारत नाहीशी झाली’ असं लिही. उद्या हाच कागद न्यायालयात जाऊ शकतो. माली देशातल्या तिंबक्तूच्या कबरी पाडल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात चाललेल्या खटल्यात उपग्रहचित्रं पुराव्यात होतीच.

मला सर्वांत जास्त छळते ती इराकमधल्या मोसुलजवळच्या दैर मार एलिया या ख्रिस्ती मठाची गोष्ट. चौदाशे वर्षांचा मठ २०१४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जमीनदोस्त झाला आणि जगाला कळलं जानेवारी २०१६ मध्ये. उपग्रहाने ते टिपलं होतं, पण वेळेवर कोणी पाहिलंच नाही! तुझ्या यादीतल्या आडबाजूच्या, नाव नसलेल्या, पोटात जुन्या वस्त्या असलेल्या टेकड्यांसाठीही दर महिन्याला वेळ राखून ठेव.

पहिला मसुदा झाला की पाठव. जाहीर प्रतीत अक्षांश-रेखांश देऊ नकोस, चोरही अहवाल वाचतात.

तुझा,
सर