पायांत ताकद नसलेला स्वार पॅरा-ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याची, अपंग स्वारांची स्पर्धा) घोड्याला इशारा कसा देतो?

टाचेचं काम चाबकावर सोपवतात. दोन्ही हातांत एकेक. मारायचा नाही, बरगडीला नुसता टेकवायचा. प्रशिक्षकाची खरी मेहनत घोड्याला ही भाषा शिकवण्यात जाते: आधी धडधाकट स्वार टाच आणि चाबूक एकत्र वापरतो, मग टाच हळूहळू बंद करतो. घाई केली तर घोडा बुजतो. साधनं मात्र वर्गीकरणात, म्हणजे अपंगत्व तपासून स्वाराचा ग्रेड ठरवताना, मंजूर झालेलीच चालतात, म्हणून ते आधी करून घ्या. ग्रेड १ ते ५ असतात. पहिल्यात अपंगत्व सर्वांत तीव्र, तिथे घोडा फक्त पावलं टाकत चालवायचा. आणि जिद्द सोडू नका हो! पोलिओनं गुडघ्याखाली लुळ्या पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, धडधाकट स्वारांच्या बरोबरीनं उतरून, ड्रेसाजचं रौप्यपदक जिंकलंय.