ट्रॉम्बोनची बेल गुलाबी पितळेची असली की आवाज खरंच गोड होतो का?

तुम्ही विचारलंय, ऐरोलीत राहता, पहिला ट्रॉम्बोन घ्यायचाय, तर साध्या पिवळ्या पितळेची बेल, म्हणजे वाद्याचा पुढचा पसरत जाणारा भाग, घ्यावी की जास्त पैसे घालून रोझ ब्रासची, म्हणजे गुलाबी पितळेची. आधी आकार बघा. गळ्यापासून तोंडापर्यंत बेल कशी उघडत जाते, यावर बहुतेक सगळं ठरतं. पितळेचा नंबर बराच मागून लागतो.

हा वाद मी घरात जवळून पाहिलाय. बाबा कळव्याच्या एका ब्रास बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचे. आगरी-कोळ्यांच्या हळदी, वराती, गणपती. मे महिन्यात सुपाऱ्यांमुळे घरी दिसायचेच नाहीत. बाजा मेरठचा. बेलला लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, नव्हतं, दसऱ्याच्या पूजेआधी आई ती पितांबरीने घासून लख्ख करायची. एका वरातीत रेटारेटी झाली आणि बेलचा गळा टेम्पोच्या फाळक्यावर आपटून चेपला. मास्तरांनी तो आपल्या ओळखीच्या कारागिराकडे दिला. आत लोखंडी साचा घालून वरून ठोकायचं, ही पद्धत बरोबरच आहे. पण त्याने साचा घातला दुसऱ्याच, मोठ्या वाद्याचा. चेप निघाला आणि गळा फुगून बसला.

त्यानंतर वरचा बी-फ्लॅट हा सूर जागेवर लागेना. मधला एफ डळमळायला लागला. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "मेरठचं पितळ हलकं, ठोकलं की सूर मरतो." बाबा सांगत राहिले की पितळ तेच आहे, गळा बदललाय. कोणी ऐकलं नाही. तो सगळा मोसम त्यांच्या हातात युफोनियम हे दुसरं पितळी वाद्य दिलं गेलं. पुढे त्यांनी पदरचे पैसे घालून त्याच कारखान्याची, त्याच मापाची बेल मागवली. ती बसवली आणि दोन्ही सूर आपापल्या जागी आले. मास्तर म्हणाले, "पितळ नवं आहे ना!"

आता कारण. ओठांशी बंद असलेल्या सरळ नळीतून फक्त पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्वरांश (मूळ सुराच्या तितक्या पटींचे सूर) निघतात. ते सरकवून जवळजवळ पूर्ण मालिकेत बसवण्याचं काम बेल आणि माउथपीस, म्हणजे ओठ लावायचा तुकडा, करतात. खालच्या सुरांच्या लहरी बेलच्या अरुंद भागातूनच मागे फिरतात, वरच्या सुरांच्या पार तोंडाजवळ जातात. म्हणून गळ्याच्या मापात थोडा बदल झाला तरी एखाद-दोन सूर हलतात. बाबांच्या ट्रॉम्बोनला हेच झालं होतं.

जोरात वाजवल्यावर येणारी ती झणझणीत धारही पत्रा थरथरल्याने येत नाही. 1996 साली प्रयोगाने दाखवलं गेलं की स्लाइडच्या, म्हणजे हाताने मागेपुढे सरकवायच्या, लांब सरळ नळीतून जाताना हवेतल्या दाबाची लहरच तीव्र होत जाते आणि धक्का-लहर तयार होते. इंग्लंडमधले वाद्यनिर्माते रिचर्ड स्मिथ यांनी एकाच आकाराच्या, पण वेगवेगळ्या जाडीच्या ट्रॉम्बोन बेल्स करून नामवंत वादकांना डोळे झाकून वाजवायला दिल्या. त्यांना त्या ओळखता आल्या नाहीत.

मग लोकांना फरक ऐकू कसा येतो? कॉन 88एच हा नावाजलेला ट्रॉम्बोन घ्या, बेल रोझ ब्रासची. बाख 42 या दुसऱ्या ट्रॉम्बोनची नेहमीची बेल पिवळी. दोघांचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, 0.547 इंच, बेलचं तोंड साडेआठ इंच. कागदावर एकच वाद्य वाटतं, पण बेल उघडण्याची वळणं वेगळी आहेत. फरक त्या वळणाचा आणि श्रेय तांब्याला. पिवळ्यात साधारण 70 टक्के तांबं, रोझमध्ये 90 च्या आसपास, एवढं सांगितलं की दुकानदाराला पुढे काही समजवावं लागत नाही.

एक मात्र मान्य करतो. पातळ बेल हाताला लवकर थरथरते, बेलच्या काठात घातलेली तार झाळलेली आहे की नुसती दुमडलेली, हे वाजवणाऱ्याला जाणवतं, आणि त्याला जाणवलं की तो फुंकतोही वेगळं. ठोकल्याने पितळ कडक होतं हेही खरं. पण पितळ कडक झालं म्हणून बी-फ्लॅट जागा सोडत नाही, आणि हे मी त्या मास्तरांना आजही तोंडावर सांगेन.

घेताना दोन्ही ट्रॉम्बोन एकाच माउथपीसने वाजवा. ऐकणाऱ्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरं उभं करा, बेलच्या मागे उभं राहून तुम्हाला खरा आवाज कळणार नाही. स्लाइड अडकते का बघा, नवशिक्याचे निम्मे हाल तिथेच होतात. गळ्यावर बोट फिरवून ठोकल्याच्या खुणा लागतात का तपासा. जुना मेरठचा बाजा या सगळ्यात उतरला तर तोच घ्या, आणि कोणी त्याला लग्नातला पत्रा म्हटलं तर त्याला म्हणावं, आधी पाठ फिरव, मग ऐक.