शाळेतले भूत आणि शाळेतले प्रेम

प्रश्न : शाळेत घडणाऱ्या जपानी ॲनिमे मालिकांत भूतकथा आणि प्रेमकथा अनेकदा एकत्र येतात, पण नायक भुताच्या प्रेमात पडला की भीती ओसरते आणि पुढे नुसती लाडीगोडी उरते. हे दोन्ही रस एकत्र टिकतात तरी का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आपली तक्रार बऱ्याच मालिकांना लागू पडते. एका प्रसंगात किंकाळी आणि पुढच्या प्रसंगात लाजणे, अशी दोन्ही रसांची पाळी लावली, की दोन्ही पातळ होतात. भीतीचे कारण आणि प्रेमातली अडचण एकच असेल, तेव्हा मात्र ते एकमेकांना बळ देतात.

२०१२ साली आलेली, सिल्व्हर लिंक या स्टुडिओची ‘तासोगारे ओतोमे × अम्नेशिया’ ही मालिका या दृष्टीने अवश्य पाहावी. ‘तासोगारे’ म्हणजे तिन्हीसांज. हा शब्द ‘तो कोण?’ अशा अर्थाच्या जुन्या जपानी शब्दांवरून आला आहे, कारण त्या वेळी समोरच्याचा चेहरा नीट ओळखू येत नाही. (आपली ‘कातरवेळ’ मनाची अवस्था सांगते, जपानी शब्द डोळ्यांची सांगतो.) सारी मालिका या ‘कोण?’भोवती फिरते. साठ वर्षांपूर्वी मेलेली युको हीच शाळेतील अलौकिक घटनांचा शोध घेणाऱ्या मंडळाची अध्यक्ष आहे, आणि आपण कशा मेलो हे तिला आठवत नाही. पहिल्याच भागात मंडळाच्या खोलीतला प्रसंग आपण प्रथम मोमोए या मुलीच्या नजरेने पाहतो. तिला युको दिसत नाही, त्यामुळे वस्तू आपोआप हलताना दिसतात आणि अंगावर काटा येतो. मग तोच प्रसंग पुन्हा दाखवला जातो. या वेळी चौकटीत युको आहे, नायक तेइइचीला बिलगणारी आणि आपल्याकडे लक्ष दिले जात नाही म्हणून रुसणारी. घटनेत तसूभरही फरक नाही, तरी भयकथेची प्रेमकथा झालेली असते.

पुढे याच युक्तीचा नियम होतो : युकोला जो ज्या भावनेने पाहतो, तशी ती त्याला दिसते. तिला पिशाच्च मानणाऱ्यांना ती विद्रूप दिसते, आणि तेइइचीला सुंदर. त्यामुळे त्याचे प्रेम म्हणजे तिच्याकडे न घाबरता पाहणे. पण तिच्या मृत्यूची हकिगत (साथीच्या काळात दिला गेलेला बळी) उलगडू लागते, तेव्हा हे पाहणेच अवघड होऊन बसते. नकोशा आठवणी युकोने स्वतःपासून तोडून टाकलेल्या असतात आणि त्यांचीच एक काळी सावली शाळेत वावरत असते. सावली टाळून युको मिळत नाही, आणि सारे आठवले तर युको राहत नाही. असा पेच बांधल्यावर भीती ओसरायला वावच उरत नाही. शेवटी निरोप घेऊन गेलेली युको परत येते, हे मात्र मला लेखकाने कच खाल्ल्यासारखे वाटते.

दुसरे उदाहरण लेर्श स्टुडिओच्या ‘जिबाकु शोनेन हानाको-कुन’चे (२०२०). शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरील स्वच्छतागृहात तिसऱ्या दारावर तीन वेळा टकटक केली की हानाको नावाची मुलगी ‘ओ’ देते, ही आख्यायिका जपानी शाळांत फार जुनी आहे. येथे नेने नावाची शाळकरी मुलगी आपले प्रेम सफल व्हावे म्हणून दार ठोठावते आणि समोर येतो एक मुलगा. चित्रे ठसठशीत, रंगीत आणि खट्याळ असल्याने ही मालिका प्रथम आपल्याला लाडीगोडीचीच वाटेल. पण हा हसरा मुलगा जिवंतपणी आपल्या जुळ्या भावाचा खुनी होता. आणि पुढे कळते की नेनेचेच आयुष्य फार थोडे उरले आहे. तेथून मरणाची धास्ती भुताला लागते, आणि तो ती नेनेपासून लपवून ठेवतो.