उत्तर आयर्लंडची विधानसभा कायदे कितपत नीट करते?

तुम्ही विचारलंय की दोन्ही बाजूंना (ब्रिटनसोबत राहू पाहणारे युनियनिस्ट आणि आयर्लंडशी एक होऊ पाहणारे नॅशनलिस्ट) सक्तीने एका सरकारात बसवल्यावर उत्तर आयर्लंडची विधानसभा कायदे करते तरी का, की सगळा वेळ एकमेकांना अडवण्यात जातो. मी वकील नाही. बेलफास्टमधल्या एका इस्पितळात एक्स-रे विभागात कामाला आहे, अकरा वर्षं झाली. पण इथला एक अर्धवट कायदा रोज माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला असतो, पार्किंगच्या पावतीच्या रूपाने. म्हणून लिहितो.

२०२२च्या निवडणुकीआधी विधानसभेने इस्पितळांतलं पार्किंग फुकट करणारा कायदा केला. पेशंट, नातेवाईक, कर्मचारी, सगळ्यांना फुकट, दोन वर्षांनी म्हणजे मे २०२४पासून. आमच्याकडे त्या दिवशी लोक खूश होते. मग निवडणूक झाली आणि विधानसभेचं काम सुरूच झालं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये एकदाचं सुरू झालं, तोवर तयारी शून्य. बुडणारे पैसे कुठून आणायचे, शहरात कामाला येणारे लोक फुकट म्हणून इथेच गाड्या लावू लागले तर काय करायचं, कशाचाच पत्ता नाही. मग पहिल्या कायद्यांपैकी एक कुठला केला? तर हा कायदा मे २०२६पर्यंत पुढे ढकलणारा. तोही समितीची पायरी गाळून, कारण वेळ नव्हता.

माझं उत्तर याच गोष्टीत आहे. कायदे अडतात हे खरंय, पण त्याहून मोठा दोष म्हणजे ते घाईत होतात.

आधी अडवण्याचं बघू. १९९८च्या गुड फ्रायडे या शांतता करारातून ही विधानसभा आली. निवडून आलेला आमदार (इथेही त्याला एमएलएच म्हणतात) रजिस्टरमध्ये सही करताना आपण युनियनिस्ट, नॅशनलिस्ट की 'इतर', हे लिहून देतो. तीस आमदारांनी 'पेटिशन ऑफ कन्सर्न'वर सह्या केल्या की साधं बहुमत पुरत नाही, दोन्ही गटांतून पुरेशी मतं लागतात. अल्पसंख्याकांना चिरडलं जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. पण २०१५मध्ये डीयूपी या एकाच युनियनिस्ट पक्षाकडे १०८पैकी ३८ आमदार होते, त्यामुळे त्यांना कुणाला विचारायची गरजच नव्हती. त्या नोव्हेंबरात समलिंगी विवाहाच्या बाजूने ५३ विरुद्ध ५२ मतं पडली, आणि ठराव तरीही पडला! शेवटी २०१९मध्ये लंडनच्या संसदेने तो कायदा केला, कारण तेव्हा इथली विधानसभा बंद होती. आता आमदार ९० आहेत आणि २०२२पासून सह्या किमान दोन पक्षांच्या लागतात. ते हत्यार बरंच बोथट झालंय.

खरा खेळ दुसऱ्याच हत्याराचा आहे. फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर ही सरकारच्या प्रमुखांची जोडी असते, दोन्ही बाजूंचा एकेक. एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचंही पद जातं, आणि सगळं थांबतं. २०१७ ते २०२० दुकान बंद, २०२२ ते २०२४ पुन्हा बंद, आणि त्याआधी २००२ ते २००७ निलंबन. एवढी वर्षं गेल्यावर उरलेल्या काळात कोण शांतपणे विधेयक वाचणार? त्यात दुसरं सभागृह नाही. आपल्याकडे विधान परिषद निदान असते, तिचा उपयोग किती हा वेगळा विषय. इथे कलमं तपासायची जागा म्हणजे समितीच, आणि घाईत नेमकी तीच गाळतात.

२०१२च्या लाकडी गोळ्यांचं प्रकरण तर ऐकण्यासारखं. लाकडाच्या गोळ्या (भुसा दाबून केलेलं इंधन) जाळून उष्णता करा, सरकार अनुदान देईल, अशी योजना. नियम बरेचसे ब्रिटनमधून उचलले, पण तिथे ठरावीक वापरानंतर अनुदान कमी होत जायचं ते कलम इथे आलंच नाही. झालं असं की गोळ्यांच्या खर्चापेक्षा अनुदान जास्त, म्हणजे जितकं जाळाल तितकी कमाई. त्या नियमांना विधानसभेची मंजुरी होती, आणि अनुदानाचा हिशोब त्या टप्प्यावर कुणाच्या डोळ्यांत खुपला नाही. त्याच प्रकरणावरून जानेवारी २०१७मध्ये सरकार पडलं.

आता दुसरी बाजू, कारण नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. इथे अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारांनी आणलेली, विधेयकं खरोखर मंजूर होतात. आपल्या संसदेत १९७०नंतर एकही झालेलं नाही. इथे मासिक पाळीची साधनं फुकट मिळण्याचा आणि एकत्र शिक्षणाचा (कॅथलिक-प्रोटेस्टंट मुलं एका शाळेत), हे दोन्ही कायदे २०२२मध्ये मंत्री नसलेल्या आमदारांनी आणले. हवामानाचं तर आणखी गमतीचं. ग्रीन पक्षाच्या आमदाराने आधी विधेयक मांडलं, मग कृषिमंत्र्यांनी स्वतःचं, जरा मवाळ असं, मांडलं. सभागृहाने मंत्र्यांचं घेतलं, पण दुरुस्त्या करून त्यात २०५०पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट घातलं, आणि शेतकऱ्यांसाठी मिथेनला (गुरांमुळे निघणाऱ्या वायूला) सवलतही ठेवली. मंत्र्याचं विधेयक सभागृहाने असं बदललेलं तुम्ही मुंबईत शेवटचं कधी पाहिलंत? मला तर आठवत नाही. पण हेही सगळं त्याच, निवडणुकीआधीच्या शेवटच्या काही आठवड्यांत.

त्याच वर्षी अवयवदानाचाही कायदा झाला. तो अमलात यायला काही नियम सभागृहाने मंजूर करायचे राहिले होते. फेब्रुवारी २०२३मध्ये आमदार त्यासाठी जमले, पण अध्यक्षच निवडता आला नाही, कारण अध्यक्षालाही दोन्ही गटांची मतं लागतात. हृदयाची वाट बघणाऱ्या एका लहान मुलाच्या घरच्यांनी पाठपुरावा केला, लंडनने वाट काढली, आणि १ जूनपासून तो कायदा लागू झाला.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर कामकाज ऑनलाइन दिसतं. सोमवार-मंगळवारची भाषणं सोडा. समित्या बहुतेक बुधवारी-गुरुवारी बसतात. तिथे एखादं विधेयक कलमवार घेतात तेव्हा कंटाळा येईपर्यंत बघा.