संग्रहाचं सोवळं

ताई, नमस्कार.

वय 63. लहानपणापासून मला वस्तू जमवायची सवय आहे. दागदागिने नव्हेत. हॉटेलातल्या साबणाच्या छोट्या वड्या, प्रवासाची तिकिटं, साखरेच्या पुड्या, काड्यापेट्या, नदीकाठचे गोटे, सुटी बटणं. प्रत्येक वस्तूमागे पेन्सिलीने तारीख आणि गाव घालते, मग नोंदवहीत क्रमांक टाकते. एकूण 22 खोकी आहेत, त्यात साबणाच्या वड्याच 140. विकत घेतलेली एकही वस्तू नाही, हे मुद्दाम सांगते. आणि मी स्वतः जिथे गेले नाही, तिथलं त्यात काहीही नाही.

महिन्यापूर्वी सून म्हणाली, "आई, छोटीच्या अभ्यासाला तो कोपरा मिळाला तर बरं होईल. खोकी थोडी कमी करता येतील का?" थोडी कमी! कुठली कमी करू? मुलगा तर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आईला जमवण्याचा आजार आहे." मी कानांनी ऐकलं. हे नेहमीप्रमाणे पेपरात डोकं खुपसून बसतात. मला रात्र रात्र झोप नाही. मी घरात नसताना सगळं भंगारात गेलं तर?

सून तशी वाईट नाही, पण तिला या गोष्टींची कदर नाही. परवा ऑफिसच्या कामाला कुठेतरी गेली होती, तिथून माझ्यासाठी साबणाची वडी घेऊन आली. मागे पेन्सिलीने तारीखही घातली होती. पण तिथे मी काही गेले नव्हते, त्यामुळे संग्रहात ती बसेना. न्हाणीघरात वापरायला काढली. असो.

काही तिकिटं आता पार कोरी पडलीत, तीसुद्धा टाकवत नाहीत. मी खरंच आजारी आहे का? आणि माझ्या संग्रहाची किंमत सुनेला कशी पटवून देऊ?

— खोक्यांची राखणदार

*

राखणदारबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा खोकी मोजत वाचलं. दुसऱ्यांदा त्या "असो"पाशी आले आणि तिथेच थांबले. पत्रात "असो" आला की त्याच्या आधीची दोन वाक्यं नीट वाचायची, हे इतक्या वर्षांत मला कळलंय.

आजाराचं आधी उरकून टाकते. साठवण्याचा आजार असतो, ही गोष्ट खरी. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 साली त्याला स्वतंत्र विकार म्हणून जागा मिळाली, तोवर तो बहुधा मंत्रचळाचं, म्हणजे तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराचं, एक लक्षण धरला जाई. पण तो वस्तू मोजून ठरत नाही. टाकायचं म्हटलं की जीव कासावीस होतो, ढीग वाढत वाढत घर वापरता येईनासं होतं, माणूस पसाऱ्यातून वाट काढत चालतो, कुणी घरी आलं तर दार उघडायची लाज वाटते, असं सगळं त्यात येतं. तुमच्याकडे खोकी आहेत, क्रमांक आहेत, नोंदवही आहे. 87 नंबरची वडी काढा म्हटलं तर तुम्ही मिनिटात काढाल. पलंगावर झोपताय, ओट्यावर स्वयंपाक होतोय. ज्या दिवशी पलंगावर खोकं चढेल, त्या दिवशी मला नका लिहू, डॉक्टरांकडे जा. मुलाला मी काही उत्तर देत नाही, त्याने मला विचारलेलं नाही.

आता साबणाची वडी.

"कुठेतरी गेली होती." बाई, हा तुमचा शब्द आहे, कुठेतरी. आयुष्यात तुम्ही गाव न लिहिता साधं बटण ठेवलेलं नाही. साखरेच्या पुडीचं गाव तुम्हाला ठाऊक. आणि घरातलं माणूस बॅग भरून गेलं, रात्र काढून परत आलं, ते कुठे गेलं होतं याची तुमच्याकडे नोंद नाही. विचारलंच नाहीत. की विचारलंत आणि विसरलात? तसं असेल तर ते जास्त वाईट.

जरा त्या खोलीत जाऊन बघू या. दिवसभराचं काम उरकून ती आलेली असणार. पाय दुखत असतील, घरी फोन झाला असेल, छोटी जेवली का ते विचारून झालं असेल. बेसिनपाशी साबणाच्या वड्या ठेवलेल्या असतात. दात घासता घासता तिची नजर तिकडे गेली, आणि परक्या गावात, परक्या न्हाणीघरात तिला सासू आठवली. सुनांच्या बाबतीत असं काही रोज उठून घडत नाही. तिने वडी उचलली. वेष्टन फाटू न देता बॅगेत घातली. त्याआधी तिच्यावर तारीख घातली. कशाने, तर पेन्सिलीने.

या पेन्सिलीवर मला दहा मिनिटं बोलायचं आहे, तेवढी जागा मिळणार नाही. पेन कुणाच्याही पर्समध्ये असतं, पेन्सिल शोधावी लागते. जमवणाऱ्या माणसाला ती का लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाईला ओल लागली की ती फुटते, पसरते, कागदातून पलीकडे उतरते. जुनी दस्तऐवजं सांभाळणाऱ्या अभिलेखागारांत वाचकाला सहसा पेन वापरू देत नाहीत, कारण शाईचा डाग पडला की तो निघत नाही. शिसाच्या अक्षराला ओलीने काही होत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. तिला कुणी सांगितलं? तुम्ही सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर "मी इतकं समजावलं तरी" असं एक वाक्य पत्रात आलं असतंच. म्हणजे तिने तुमची खोकी उघडून पाहिली आहेत. वड्या एकेक हातात घेऊन उलट्या करून पाहिल्यात. आणि होत्या तशा, त्याच क्रमाने परत लावल्यात, कारण एक जरी इकडची तिकडे झाली असती तर तुमच्या लक्षात आल्यावाचून राहिलं नसतं.

आणि तुम्ही मला लिहिता, तिला कदर नाही.

नियमांवर माझा राग नाही, हेही सांगते. नियमाशिवाय संग्रह होत नाही, ढीग होतो. काड्यापेट्या जमवणाऱ्यांत नुसतं वरचं लेबल भिजवून सोडवून घेणारे असतात, आणि पेटी काड्यांसकट अखंड हवी असं म्हणणारे असतात, नि दोघे एकमेकांना खुळ्यात काढतात. टपाल तिकिटंवाल्यांत कोरं करकरीत तिकीट मागणारे वेगळे, शिक्का बसलेलंच खरं मानणारे वेगळे. विकत घेतलेलं चालणार नाही हा तुमचा नियम तर मला फारच आवडला, त्यात कस आहे. मी गेले तिथलंच घेईन, हाही एके काळी चांगला नियम असणार. तुमचे पाय चालत होते तोवर. पण आता तो नियम राहिलेला नाही, त्याचं सोवळं झालंय. मी शिवले ते शुद्ध, बाकी सगळं ओवळं. तिची वडी सोवळ्यात बसेना म्हणून तुम्ही ती मोरीत ठेवलीत.

ती रोज सकाळी तोंड धुवायला त्याच न्हाणीघरात जाते ना? पहिल्या दिवशी तिने ती वडी ओली झालेली पाहिली असेल. काही बोलली नसेल. तुम्हीही नाही. असो, म्हणालात.

परदेशांतून लोक आठवण म्हणून ज्या वस्तू आणतात त्यांना सूव्हनीर म्हणतात. मूळ शब्द फ्रेंच, अर्थ आठवणं. तुमच्या 140 वड्यांत तुम्हाला तुमचीच आठवण आहे. मी इथे राहिले, मी तिथे गेले, त्या सकाळी मी आंघोळ केली. छान आहे, असावी. पण तुम्ही समोर नसताना दुसऱ्या कुणाला तुमची आठवण झाली, अशी वडी तुमच्याकडे एकच आली होती.

एका मोठ्या संग्राहकाचं सांगते. मनाचे कोपरे धुंडाळणारा सिग्मंड फ्रॉइड स्वतः पक्का जमवणारा होता. जुन्या मूर्ती, मडकी, कुंभ अशा दोन हजारांहून जास्त वस्तू त्याच्याकडे होत्या. लिहायच्या टेबलावर मूर्तींची रांग, कागद ठेवायला जेमतेम जागा. त्याच्या घरच्यांनी काय सोसलं असेल ते असो (बघा, मलाही लागली सवय). 1939 साली तो लंडनमध्ये वारला, आणि त्याची रक्षा एका प्राचीन ग्रीक कुंभात ठेवली गेली. तो कुंभ त्याने स्वतः हुडकून आणलेला नव्हता. मारी बोनापार्त या त्याच्या शिष्येने तो त्याला भेट दिला होता. दोन हजारांतून शेवटी त्याच्याजवळ राहिली ती कुणीतरी आणून दिलेली वस्तू. तुमच्या नियमाप्रमाणे ती खोक्याबाहेर.

तुमची कोरी पडलेली तिकिटं. त्यावर शाई नव्हतीच मुळी. त्या कागदाला वरून एक थर दिलेला असतो, छपाईयंत्राच्या उष्णतेने तो जिथे काळा पडतो तिथे अक्षर दिसतं. पुढे ऊन, ऊब लागली की कागद तरी काळवंडतो, नाहीतर अक्षर तरी उडतं. तुम्ही ती जपायची म्हणून मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत घातली असतील तर आणखीच लवकर, कारण त्या प्लास्टिकमधला मऊपणा आणणारा पदार्थ अक्षर खातो. कागदी पाकिटात, अंधारात ठेवा, वाचतील तेवढी वाचतील. कोरी झालेलीही टाकू नका, मी तर म्हणते ठेवाच. माझ्याकडे 9 किल्ल्या आहेत, त्यांची कुलपं कधीच गेली, त्यातल्या तिनांची तर घरंही गेली. मी कोणत्या तोंडाने तुम्हाला टाका म्हणू? पण त्या तिकिटांवर आता काय वाचता येतं ते एकदा उलटून बघा. छापलेलं सगळं गेलंय. मागे हाताने पेन्सिलीने लिहिलेलं तेवढं शाबूत आहे. सुनेच्या वेष्टनावरचंही तसंच राहिलं असतं.

भंगाराची भीती तर सोडूनच द्या. ज्याला खोकी बाहेर काढायचीत तो आणखी एक वस्तू आणून त्यात भर घालेल का? तिने कोपरा मागितला, समोर येऊन, थोडी कमी करता येतील का असं विचारून. हिशेबाची पोरगी असती तर आधी वडी आणली असती आणि मग कोपरा मागितला असता. तुमच्या पत्रातला क्रम उलटा आहे. कोपरा आधी मागून झाला, तुमचं तोंड फुगलेलं तिने पाहिलं, आणि त्यानंतर वडी आली. ती काय होती, कळलं का आता? तिला "आई, रागावू नका" म्हणता आलं नसेल. मराठीत ते अवघडच आहे, आपल्याला घरच्यांची माफी मागताना शब्द सापडत नाहीत. मग माणूस काहीतरी हातात आणून ठेवतो.

तिला संग्रहाची किंमत पटवायला जाऊ नका. खोक्यांचा विषय काढू नका, कोपऱ्याचाही नाही. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हाला आठवड्यात सुचेल. हा कागद ठेवा आणि आधी न्हाणीघरात जा.

वडी अजून उरली असेल. किती झिजलीय ते पाहू नका, कडा गोल झाल्या असतील, नाव पुसलं असेल, खालच्या बाजूला बिलबिलीत झाली असेल. तशीच उचला. सावलीत, वारा लागेल अशा जागी जाळीवर ठेवा, उन्हात नको, तडे जातील. पुरती सुकल्याशिवाय गुंडाळू नका, नाहीतर कागद चिकटेल. वेष्टन टाकून दिलं असेल, बहुतेक टाकलंच असेल, तर कोऱ्या कागदाची पुडी करा आणि तारीख पुन्हा घाला. घरात तीन वड्या एकसारख्या होऊन बसल्या असतील आणि कुठली कुठली ते कळत नसेल, तर तेही तिलाच विचारा, तिला माहीत असेल.

मग नोंदवही काढा. 140 च्या खाली 141 लिहा. तारीख लिहा. गावाच्या रकान्यापाशी तुम्ही अडणार, कारण तुम्हाला ते ठाऊक नाही. ती संध्याकाळी घरी येईल तेव्हा वही उघडी ठेवून बसा, पेन्सिल तिच्या बाजूला सरकवा आणि गाव कुठलं ते विचारा. वडी वापरायला काढली होती हे लपवू नका, तिने पाहिलंय. ती गाव सांगेल, तुम्ही लिहायला जाल. लिहू नका. तिला लिहू द्या.