वाचकांचे प्रश्न : बुरशी आलेल्या द्राक्षांची वाइन

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. घडात एखादा मणी कुजला, तरी आम्ही तो लगेच कात्रीने काढून टाकतो. फ्रान्समधील शातो दिकेम या वाइनवाडीत मात्र बुरशी आलेल्या द्राक्षांपासूनच वाइन करतात आणि ती अत्यंत महाग विकली जाते, असे वाचनात आले. हे खरे आहे का?
– एक बागायतदार, निफाड

उत्तर : खरे आहे, आणि ही बुरशी काही वेगळी, गुणी जातीची आहे असेही नाही. बोट्रायटिस सिनेरिया ही तीच बुरशी, जी सतत दमट हवा मिळाली की घडच्या घड सडवून टाकते. फरक पडतो तो हवामानामुळे. दिकेम ज्या भागात आहे त्या, बोर्दो शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या सोतेर्नमध्ये सिरों ही थंड पाण्याची छोटी नदी तुलनेने उबदार गारोन नदीला मिळते. त्यामुळे शरद ऋतूत सकाळी दाट धुके पडते आणि त्यात बुरशी वाढते. दुपारच्या उन्हावाऱ्याने तीच हवा कोरडी झाली की तिची वाढ रोखली जाते. बुरशीने सालीला सूक्ष्म छिद्रे पाडलेली असल्याने मण्यातील पाणी उडून जाते, साखर व आम्लता दाट होते आणि मध, जर्दाळू यांची आठवण करून देणारा सुगंध तयार होतो. असा मणी तपकिरी-जांभळा, सुरकुतलेला आणि राखाडी लव चढलेला दिसतो. आपल्याकडचा व्यापारी तो हातातही धरणार नाही.

मात्र सगळे मणी एकाच दिवशी या अवस्थेला येत नाहीत. म्हणून तोडणी करणारे मजूर त्याच ओळींतून साधारणपणे पाच-सहा फेऱ्या करतात, प्रत्येक वेळी योग्य झालेलाच भाग काढतात आणि हे काम कधीकधी नोव्हेंबरपर्यंत लांबते. एवढ्या निवडीनंतर एका वेलीमागे सरासरी एक पेला वाइन निघते. किमतीचे अर्धे उत्तर मला इथेच दिसते.

पुढील प्रक्रियेतही एक उलटी गोष्ट आहे. इतर वाइनसाठी पहिल्या दाबाचा रस उत्तम समजला जातो, पण हे सुकलेले मणी जितके पुन्हा दाबावेत तितका रस अधिक गोड निघतो. तो नव्या ओक लाकडाच्या पिंपांत आंबवला जातो. मद्यार्क साधारण चौदा टक्क्यांच्या आसपास पोहोचला की यीस्ट थकते आणि न आंबलेली साखर वाइनमध्ये तशीच राहते. वरून साखर घातलेली नसते. त्यानंतर अडीच वर्षांच्या आसपास वाइन पिंपांतच मुरते.

प्रश्न : या वाइनवाडीचा इतिहास किती जुना आहे? आणि २०१२ सालची दिकेम बाजारात का दिसत नाही?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सोव्हाज घराण्याकडे ही जागा १५९३ मध्ये आली. १७८५ मध्ये त्या घरातील मुलीचा ल्यूर-सालूस घराण्यात विवाह झाला आणि पुढे दोन शतके मालकी तिकडेच राहिली. १९९९ पासून एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच समूहाकडे वाडीचे बहुतांश समभाग आहेत. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफर्सन फ्रान्समध्ये राजदूत असताना त्यांनी १७८४ सालच्या २५० बाटल्या मागवल्या होत्या. बोर्दोच्या वाइनची प्रतवारी ठरवणाऱ्या १८५५ च्या प्रसिद्ध वर्गवारीत सोतेर्नच्या गोड वाइनमधील सर्वोच्च श्रेणी एकट्या दिकेमला मिळाली.

२०१२ बद्दल सांगायचे, तर ती वाइन दिकेमच्या नावाने विक्रीला आलीच नाही. त्या वर्षी हवामान अनुकूल नव्हते, त्यामुळे द्राक्षे तोडूनही दर्जा नावाला साजेसा नाही असे ठरवून ती आपल्या नावाने बाटलीत भरण्यास वाडीने नकार दिला. असा निर्णय १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२ या वर्षीही घेतला गेला होता. त्यामुळे यांपैकी एखाद्या वर्षाचे लेबल असलेली दिकेमची बाटली कोणी दाखवली, तर पैसे पाकिटातच ठेवावेत.