वाहन-प्रश्नोत्तरे : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल घरी बदलता येईल का?

प्रश्न : माझ्या गाडीला 8 वर्षे झाली असून ती 76,000 किलोमीटर चालली आहे. तिचा गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा, सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये त्याचे तेल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे सांगतात, तर जवळचे गॅरेजवाले मशीन लावून सगळे तेल फ्लश करा म्हणतात. इंजिन ऑइल मी घरीच बदलते. हे तेलही बदलू शकेन का? (एक वाचिका, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : बदलू शकाल, मात्र तेल काढणे आणि भरणे हा या कामातला सोपा भाग असून पातळी तपासणे हा अवघड भाग आहे, आणि तेवढ्यासाठीच निम्म्या लोकांना मी गॅरेजकडे पाठवतो.

‘आयुष्यभराचे तेल’ हे मला पटत नाही. झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः गिअरबॉक्स बनवते आणि आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल 80,000 ते 1,20,000 किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलावे, असे सांगते. तेल मुख्यतः उष्णतेने थकते. सुट्टीच्या दिवशी ओंकारेश्वरहून परतताना सिमरोलच्या आधी भेरूघाटात गाडी तासभर रांगत चढते, तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) तेल घुसळून तापते आणि असा एक तास सपाट रस्त्यावरच्या अनेक तासांपेक्षा त्याला जड जातो.

चेंबरचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचा, ड्रेन प्लग उघडल्यावर सगळे तेल बाहेर येत नाही, साधारण निम्मेच येते; उरलेले टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांमध्ये अडकून राहते. त्यामुळे मॅन्युअलमधला (गाडीच्या माहितीपुस्तिकेतला) एकूण तेलाचा आकडा पाहून तेवढे भरणे ही मोठी चूक ठरते. बाहेर आलेले तेल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढेच नवे भरा. पहिल्या खेपेनंतर निम्मे तेल नवे झालेले असते. पाचशे-सातशे किलोमीटरनंतर पुन्हा तेच केले तर सुमारे पाऊण होते. फ्लशपेक्षा मला ही संथ रीत बरी वाटते. मात्र गिअर आधीच घसरत असेल, तर नव्या तेलाने गिअरबॉक्सच्या आतले झिजलेले क्लच पूर्ववत होणार नाहीत.

ड्रेन प्लग उघडण्याआधी भरण्याचा प्लग सैल होतो का, ते अवश्य पाहा. तो गंजून अडकलेला असेल आणि तेल आधीच काढून टाकले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, लोण्यासारखा थर दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा समजावा. कण बोटांना टोचत असतील किंवा तेलाला जळका वास येत असेल, तर तिथेच थांबून जाणकार मिस्त्रीला दाखवावे. वॉशर नवा घाला आणि प्लग टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या मापानेच आवळा, कारण ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे सहज जातात.

आता पातळी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फिरते भाग त्याला घुसळून फेस काढतात. दोन्हींत तेलाचा दाब कमी होतो आणि क्लच घसरतात. आपल्या गाडीला डिपस्टिक असेल, तर मॅन्युअलमधल्या सूचनेप्रमाणे तेल तापवून पातळी पाहा. ती नसेल, तर इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेक करून टाकतात, मग पुन्हा पार्कमध्ये आणून तेल ठरलेल्या तापमानाला असताना तपासणीचा प्लग उघडतात आणि तेलाची धार थेंबांवर आली की तो बंद करतात. हे तापमान अनेक गाड्यांत 35 ते 50 अंशांच्या दरम्यान असते. मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी नुसती उभी गाडीच चाळिशीला टेकते, तेव्हा हे काम पहाटे किंवा हिवाळ्यात करावे, आणि तेलाचे तापमान गाडीला जोडायच्या स्कॅनरवर पाहावे, अंदाजाने नव्हे. शिवाय या वेळी गाडी पूर्ण समतल हवी, म्हणजे चारही बाजूंना स्टँड हवेत. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, आणि ब्रेकवर पाय ठेवायला दुसरे माणूस आत बसवा. चार स्टँड आणि दुसरे माणूस नसेल, तर गॅरेजच्या लिफ्टवर आपल्या देखरेखीखाली करून घ्या.

तेल रंगावरून घेऊ नका. लाल रंग हा केवळ मिसळलेला रंग असतो. मॅन्युअलमधला दर्जा डब्यावर शब्दशः छापलेला असेल तरच तो डबा घ्या. जुने तेल बंद डब्यात भरून, ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या गॅरेजला द्या. 2017 मध्ये देशात स्वच्छतेचा पहिला क्रमांक मिळवलेल्या शहरात ते नाल्यात ओतणे शोभणार नाही.

प्रश्न : माझ्या गाडीत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आहे. तिलाही हेच तेल चालेल का? (एक वाचक, देवास)

उत्तर : नाही. एएमटीमध्ये आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्रणा करते. त्यामुळे त्यात गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले गिअर ऑइल घालतात. काही गाड्यांत त्या यंत्रणेचे हायड्रॉलिक तेल वेगळे असते. त्याला घरी हात लावू नये.